आठ पासशिवाय भागत नाही? आधी हे तपासा

यूव्ही फ्लॅटबेड मशीन (सपाट बेडवरच्या शीटवर छापून यूव्ही प्रकाशाने इंक सुकवणारा प्रिंटर) चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"मशीन स्लो आहे, स्पीड वाढवून द्या." आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. जाऊन पाहिलं तर मशीन बहुतेक वेळा स्लो नसतं. ते आठ पासवर (म्हणजे प्रत्येक जागा आठ फेऱ्यांत छापून), एकाच दिशेने आणि कॅरेजचा, म्हणजे इंक सोडणारं हेड वाहून नेणाऱ्या भागाचा, स्पीड कमी ठेवून चालवलेलं असतं. असं का, म्हणून विचारलं की ऑपरेटरचं उत्तर ठरलेलं: "चार पासवर लाइनी येतात."

लाइनी येतात हे खरंच. पण पास वाढवून लाइनीचं कारण जात नाही, फक्त झाकलं जातं. आणि त्यापायी प्रत्येक शीटला जवळपास दुप्पट वेळ लागतो. चार पासमध्ये एखादं नोझल (हेडमधलं इंकचं बारीक छिद्र) बंद असेल तर त्याची जागा सरळ पांढरी दिसते. आठ पासमध्ये तीच जागा अर्ध्या उठावाची होते आणि नजरेतून निसटते. नोझल मात्र बंदच राहतं. म्हणून या पत्रकात स्पीडचं बटण शेवटी येतं. आधी मशीन चार किंवा सहा पासवर नीट छापू शकेल अशा अवस्थेत आणायचं, मग सेटिंग ठरवायची.

लाइन कोणती आहे ते ओळखा

लाइन दिसली की पर्ज मारायचा (दाबाने इंक बाहेर काढून नोझल साफ करायची) ही सवय सोडा. इंक वाया जाते आणि निम्म्या वेळा दोष नोझलचा नसतोच. शीट उचलून उजेडात तिरकी धरा आणि नीट बघा.

प्रत्येक पट्ट्यात त्याच जागी एक बारीक पांढरी रेघ असेल तर नोझल बंद आहे. नोझल चेक (सगळी नोझल चालू आहेत का ते दाखवणारा छापील नमुना) काढा, कोणता रंग ते कळेल. दोन पट्टे जिथे जुळतात तिथे फिकट फट दिसत असेल तर स्टेप (दोन फेऱ्यांमध्ये मशीन पुढे सरकतं ते अंतर) जास्त पडते आहे. तिथेच गडद पट्टी असेल तर स्टेप कमी पडते आहे. हे पर्जने कधीच सुटणार नाही, स्टेप कॅलिब्रेशनच करावं लागेल, आणि तेही तुम्ही वापरता त्या प्रत्येक मोडसाठी वेगळं. आठ पासवर जुळवलेली स्टेप चार पासला तंतोतंत लागू पडेल असं धरून चालू नका.

एकाआड एक पट्ट्याचा रंग किंचित बदललेला दिसतो, विशेषतः हिरव्या, जांभळ्या किंवा करड्या सॉलिडमध्ये (एकाच रंगाने भरलेल्या भागात)? मग कॅलिब्रेशन ठीक असूनही ते होऊ शकतं. कॅरेज जाताना सायन आधी पडतो आणि पिवळा शेवटी, येताना क्रम उलटतो. वर कोणता रंग बसला त्यावर छटा बदलते. असा जॉब सहा किंवा आठ पासवर नाहीतर एका दिशेने छापणं रास्तच आहे. पण तेवढा एकच जॉब. त्याच्यासाठी बदललेली सेटिंग महिनाभर तशीच राहते, हे आम्ही वारंवार पाहतो.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा. सॉलिड सुरुवातीला भरीव येतं, शीटच्या मध्यापासून नोझल बंद पडायला लागतात, आणि पाच मिनिटं मशीन थांबवलं की नोझल चेक पुन्हा पूर्ण येतो. इथे हेडचा दोष नाही. हेड मागतं तेवढी इंक पोहोचत नाही. फिल्टर किंवा डँपर (हेडच्या आधीची इंकची छोटी डबी) चोक झालेला असतो, कधी इंक पुरेशी गरम झालेली नसते. बहुतेक मशीनमध्ये इंक हेडपाशी 40 ते 45 अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते, कारण यूव्ही इंक थंड असताना घट्ट असते. सकाळी मशीन चालू केल्याकेल्या पहिली शीट लावू नका; हेडचं तापमान ठरलेल्या आकड्यावर स्थिर होऊ द्या. तापमान कमी पडलं म्हणून हेडचं व्होल्टेज वाढवणं हा उपाय नव्हे. व्होल्टेजला आम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

हेड आणि शीटमधलं अंतर

दर्जाचे निम्मे प्रश्न इथे आहेत, आणि याकडेच कोणी बघत नाही.

हेडमधून निघालेला थेंब साधारण सेकंदाला 6 मीटर वेगाने खाली येतो. अंतर 2 मिमी असेल तर त्याला शीटवर पोहोचायला सेकंदाचा तीन हजारावा भाग लागतो. कॅरेज सेकंदाला 1 मीटर धावत असेल तर तेवढ्यात ती 0.33 मिमी पुढे गेलेली असते आणि थेंबही तितकाच पुढे पडतो. जाताना उजवीकडे 0.33, येताना डावीकडे 0.33. हा फरक बाय-डायरेक्शन कॅलिब्रेशन, म्हणजे दोन्ही दिशांचे थेंब जुळवणं, भरून काढतं. आता शीट थोडी वाकडी आहे म्हणून ऑपरेटरने अंतर 3 मिमी केलं. दोन्ही दिशांचे थेंब आणखी 0.33 मिमीने एकमेकांपासून लांब गेले. हवेच्या रोधामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) एक ठिपका 0.042 मिमीचा, म्हणजे जवळजवळ आठ ठिपक्यांची चूक. बारीक अक्षरं दुहेरी दिसायला लागतात, उभ्या रेघा फाटतात. मग तक्रार येते की दोन्ही दिशांनी छापलं की मशीन धूसर छापतं.

अंतर बदललं की बाय-डायरेक्शन पुन्हा तपासायचं, एवढाच नियम. नेहमी 1.5 ते 2 मिमीवर काम करत असाल तर त्या अंतराचं कॅलिब्रेशन सेव्ह करून ठेवा. टेक्स्चर असलेल्या किंवा खाचा असलेल्या मालासाठी जास्त अंतर लागणारच. तिथे कॅरेज स्पीड कमी करा. इथे वेग सोडणं शहाणपणाचं आहे, कारण दूरवरून पडताना मोठ्या थेंबामागचे छोटे थेंब हवेत भरकटतात आणि कडांना धूर बसल्यासारखं दिसतं.

जाडी सेन्सर एकाच जागी मोजतो, हेही ध्यानात असू द्या. सनबोर्डचा एखादा कोपरा उचललेला असेल तर सेन्सरला त्याचा पत्ता नसतो आणि हेड त्यावर घासतं. घासलेलं हेड बदलण्याचा खर्च आम्ही तुम्हाला सांगायला नको. शीटचा सर्वांत उंच बिंदू शोधा, तिथे जाडी मोजा, कडा टेपने दाबा. बेडची उघडी राहिलेली भोकं झाकली तर व्हॅक्यूमची पकड लगेच वाढते.

ॲक्रिलिकवरची फिल्म ओढून काढली की त्यावर स्टॅटिक (स्थिर वीज) जमतं. अंतर बरोबर असूनही छापलेल्या भागाभोवती बारीक फवारा दिसला तर कारण हेच असतं. आयोनायझर बार (ही वीज घालवणारी पट्टी) चालू आहे का बघा, खोलीत आर्द्रता 40 ते 60 टक्के ठेवा. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका, कडेला बारीक तडे जातात.

लॅम्प: जास्त म्हणजे चांगला नव्हे

एलईडी लॅम्प बहुतेक ठिकाणी 395 नॅनोमीटरचे असतात. इंकही त्याच तरंगलांबीला सुकणारी हवी. जुन्या मर्क्युरी लॅम्पसाठी बनवलेली इंक एलईडीखाली चिकट राहू शकते, मग पॉवर शंभर टक्के केली तरी.

शीटच्या एका जागेवर एकूण किती प्रकाश पडला त्यावर सुकणं अवलंबून असतं, आणि ते पॉवर, कॅरेजचा वेग आणि पासची संख्या या तिन्हींवर ठरतं. आठ पासवरून चार पासवर आलात की लॅम्प त्या जागेवरून जवळपास निम्म्या वेळा जातो. म्हणजे वेग वाढवताना पॉवरही पुन्हा ठरवावी लागते. हे विसरल्यामुळे चार पासवर रंग सोलून निघतात, आणि दोष चार पासवर जातो. तपासायचं कसं? छापलेल्या भागावर ब्लेडने चौकटी चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. घाई असेल तर लगेच करा, पण खरा निकाल 24 तासांनी लागतो. चौकटी सुटल्या तर आधी माल पुसून, मग प्रायमर लावून, मग पॉवर वाढवून बघा. काच, चकचकीत धातू आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्यावर निव्वळ पॉवरने इंक धरत नाही.

उलट पॉवर फार झाली तर इंक ठिसूळ होते आणि सनबोर्ड कापताना कडेला तडकते. पातळ शीट तापून वाकते. मिरर ॲक्रिलिक किंवा स्टीलवरून प्रकाश परावर्तित होऊन हेडच्या प्लेटवर जातो आणि नोझलमध्येच इंक सुकते. असा माल असेल तर पॉवर खाली आणा, अंतर कमीत कमी ठेवा, छापील भागाबाहेर उघडी चमकती जागा राहत असेल तर ती मॅट कागदाने झाका. ओली इंक हाताला लावून घेऊ नका. नायट्राइलचे हातमोजे वापरा. त्वचेला ॲलर्जी एकदा सुरू झाली की ती सहसा जात नाही.

शीट फिरवून ठेवा

सेटिंगला हात न लावता मिळणारा वेग. समजा 1200 बाय 300 मिमीचा बोर्ड आहे, कॅरेज सेकंदाला 1 मीटर जाते, प्रत्येक फेरीनंतर 15 मिमीची स्टेप पडते, आणि वळायला, लॅम्प पार करायला, स्टेप घ्यायला मिळून 1 सेकंद जातो. लांब बाजू कॅरेजच्या दिशेने ठेवली तर 20 फेऱ्या होतात: छपाईचे 24 सेकंद, वळण्याचे 20, एकूण 44. लहान बाजू कॅरेजच्या दिशेने ठेवली तर 80 फेऱ्या: छपाईचे तेच 24, वळण्याचे 80, एकूण 104. बोर्ड तोच, पासही तेच. छोटे नग असतील तर ते एका रांगेत कॅरेजच्या दिशेने लावा. मधली मोकळी जागा वगळण्याचा पर्याय रिपमध्ये (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो चालू आहे का एकदा बघून घ्या. मालाला दाण्याची दिशा असेल, ब्रश्ड एसीपीला (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनलला) असते तशी, तर मात्र ग्राहकाला विचारूनच फिरवा.

आता पास ठरवा

साधारण नजरेला 1 मीटरवरून 0.3 मिमीपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. 3 मीटरवरून 0.9 मिमी. त्यामुळे भिंतीवर उंच लागणाऱ्या बोर्डासाठी 1200 डीपीआय निवडण्यात अर्थ नाही. पण बँडिंगच्या, म्हणजे पट्टे दिसण्याच्या, बाबतीत हा हिशेब चालत नाही. पट्टे 10-15 मिमीच्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते लांबूनही उठून दिसतात. लांबून बघायच्या जॉबमध्ये रिझोल्यूशन कमी करा, पण स्टेप अचूक ठेवा आणि फेदरिंग (पट्ट्यांच्या कडा एकमेकांत मिसळणं) थोडं वाढवा. फेदरिंगने वेग किंचित घटतो, तरी पास दुप्पट करण्यापेक्षा ते खूपच स्वस्त.

आमची शिफारस साधी आहे. साइनबोर्ड आणि लांबून बघायचं काम: चार पास, दोन्ही दिशा. दुकानातले पॅनल, फोटो: सहा पास, दोन्ही दिशा. हातात घेऊन बघायच्या वस्तू, 6 पॉइंटची अक्षरं, गुळगुळीत ग्रेडियंट: आठ पास. काळी अक्षरं फक्त काळ्या रंगात ठेवा, चार रंगांची केली तर कडांना रंगीत झालर येते. हा दोष पास वाढवून बरा होत नाही, फाइलमध्येच दुरुस्त करावा लागतो. प्रोफाइल (त्या मालासाठीची रंग आणि इंकची सेटिंग) बनवताना एकूण इंकची मर्यादा ठरवून घ्या. मर्यादा नसेल तर गडद भागात इंकचा थर जाड बसतो, वरून सुकतो, आत ओला राहतो.

पांढऱ्याबद्दल थोडक्यात. रंगाखालचं पांढरं वेगळ्या फेरीत न छापता एकाच वेळी छापता येतं, पण त्यासाठी हेडची लांबी वाटून घ्यावी लागते, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. सगळ्या शीटखाली पांढरं घालू नका, जिथे रंग आहे तिथेच घाला, आणि ते दोन-तीन पिक्सेल आत ओढा, म्हणजे कडेला पांढरी रेघ डोकावत नाही. पांढऱ्या इंकमधलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, खाली बसतं. बाटली दररोज हलवा, सुट्टीच्या दिवशी सर्क्युलेशन बंद करू नका.

नवीन माल आला की एक पट्टी छापून ठेवा: 40 टक्के करडा सॉलिड, 6 पॉइंटची अक्षरं आडवी आणि उभी, एक पिक्सेलच्या रेघा, त्वचेचा एखादा फोटो. चार, सहा आणि आठ पास एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी. मागे मोड, अंतर, पॉवर आणि तारीख मार्करने लिहा, मशीनजवळ टांगा. ग्राहक समोर असेल तर त्यालाही दाखवा, आणि जिथून बोर्ड बघितला जाणार तितक्या लांब उभं करून दाखवा.

सर्व्हिससाठी फोन करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा: त्याच दिवशीच्या नोझल चेकचा फोटो, दोष दिसणाऱ्या भागाचा मोजपट्टीसह जवळून घेतलेला फोटो, वापरलेला मोड आणि हेडचं अंतर, हेडचं तापमान. एवढं असलं तर बरेच प्रश्न फोनवरच सुटतात आणि मशीन आमची वाट बघत उभं राहत नाही.