सर्व्हर चालू, काम भलतंच

१ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतला शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडला आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या संगणकांनी चाळीस लाखांहून जास्त सौदे करून टाकले. ग्राहकांच्या मूळ ऑर्डरी होत्या २१२. कंपनीचं नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं.

झालं होतं असं. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो नव्या सूचनेमुळे जागा झाला. ऑर्डर किती भरली याचा हिशेब ठेवणारा भाग २००५ मध्येच त्याच्यापासून दूर हलवलेला, त्यामुळे थांबायचं कधी हे त्याला कळेना. तो खरेदी-विक्री करतच राहिला. यंत्र म्हणून बघाल तर हा सर्व्हर ठणठणीत होता.

बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत या जुन्या कोडचं नावसुद्धा होतं. पण ते ईमेल इशारा म्हणून वाचायचे असं कुणी ठरवलेलंच नव्हतं. ही सगळी हकीकत अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात नोंदलेली आहे, आणि आयटी विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावी.

यंत्रांवर नजर ठेवण्याचं तंत्र तसं जुनं. नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची तब्येत विचारणारा एसएनएमपी हा प्रोटोकॉल १९८८ मधला. सीपीयू किती तापलाय, मेमरी किती उरली, डिस्क भरत आली का, एवढं आज कुठल्याही कंपनीच्या डॅशबोर्डवर दिसतं. पण कंपनी चालवणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: काल आलेल्या ऑर्डरींपैकी किती वेळेत निघाल्या, आणि ज्या अडकल्या त्या कुठे? एक ऑर्डर दहा-पंधरा प्रोग्राममधून जाते आणि यातला प्रत्येक जण फक्त आपल्या वाट्याचा तुकडा बघतो. ‘ऑर्डर’ म्हणजे काय हे सर्व्हरला माहीतच नसतं.

उत्तर मात्र त्याच यंत्रांत पडलेलं असतं, लॉगच्या फायलींमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपण काय केलं ते वेळेसकट लिहून ठेवतात तिथे. समजा, वेगवेगळ्या सर्व्हरवरून गोळा केलेल्या या तीन ओळी आहेत:

१०:०२:११ – ऑर्डर ४८१७ – नोंदवली
१०:०२:१४ – ऑर्डर ४८१७ – पैसे जमा
१०:०२:१५ – ऑर्डर ४८१७ – गोदामाला कळवलं

त्यानंतर काहीच नाही. एकाही ओळीत ‘एरर’ हा शब्द नाही. पण गोदामाने ‘माल बांधला’ अशी चौथी ओळ दोन तासांत यायला हवी होती, ती आलेली नाही. न आलेली ओळ पकडायची, तर कुठल्या ओळीनंतर कुठली यायला हवी हे आधी माहीत पाहिजे.

ते माहीत करून घेण्याच्या शास्त्राला ‘प्रोसेस मायनिंग’ म्हणतात. तेव्हा नेदरलँड्समधल्या आइंटहोवन तंत्रविद्यापीठात असलेले विल व्हान डर आल्स्ट हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘अल्फा’ पद्धतीला प्रत्येक ओळीतल्या तीनच गोष्टी लागतात: प्रकरणाचा क्रमांक (वरच्या ओळींत ऑर्डरचा), केलेलं काम आणि वेळ. हजारो प्रकरणांत ‘अ’च्या लगेच नंतर ‘ब’ येतो, पण ‘ब’च्या नंतर ‘अ’ कधीच येत नाही, असं दिसलं तर ‘ब’ हा ‘अ’वर अवलंबून आहे असं धरायचं. दोन्ही क्रम सापडले तर ती कामं समांतर चालतात. अशा जोड्या जुळवत कामाचा अख्खा नकाशा तयार होतो. त्यासाठी वापरलेली आकृती कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाच्या १९६२ च्या प्रबंधापर्यंत मागे जाते.

हा नकाशा बघून साहेब लोक हमखास चकित होतात. नियमपुस्तिकेत सरळ रस्ता असतो. नकाशात बिल मंजुरीला जातं, दुरुस्तीसाठी परत येतं, पुन्हा जातं, आणि मध्येच कुणीतरी मंजुरीची पायरीच गाळलेली असते. नुसती अल्फा पद्धत गोंगाटाला, म्हणजे चुकून किंवा क्वचितच उमटलेल्या ओळींना, फार लवकर फसते, म्हणून आता तिच्या पुढच्या पिढीतल्या पद्धती वापरतात. मूळ कल्पना तीच.

खरी मेहनत असते ओळी जुळवण्यात. विक्रीचा प्रोग्राम ४८१७ म्हणतो, गोदामाचा स्वतःचा वेगळाच क्रमांक देतो. दोन्हींना बांधणारी समान खूण सुरुवातीपासून सोबत पाठवली नसेल, तर नंतर ती शोधणं महाकठीण. गूगलने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डॅपर’ या यंत्रणेत प्रत्येक विनंतीला अशीच एक खूण चिकटवून ती सगळ्या सर्व्हरमधून पुढे नेली जाते. घड्याळांचं दुखणं वेगळंच. एका सर्व्हरचं घड्याळ चार सेकंद मागे असेल तर ऑर्डर नोंदवण्याआधीच पैसे जमा झालेले दिसतात, आणि प्रत्यक्षात नसलेली वाट नकाशात उगवते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की विखुरलेल्या संगणकांत आधी काय घडलं हे नुसत्या घड्याळावरून नेहमी सांगता येत नाही.

एवढा खटाटोप रोजच्या पहाऱ्यासाठी लागतोच असं नाही. नेटफ्लिक्स दर सेकंदाला किती जणांचे व्हिडिओ सुरू होतात हा एक आकडा डोळ्यांसमोर ठेवते. या वेळी एरवी जेवढा असतो त्यापेक्षा तो एकदम घसरला, की कुठेतरी बिघडलंय, मग सर्व्हर काहीही म्हणोत. शंभर अलर्ट लावून ठेवण्यापेक्षा असा एक आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. शंभरांचं काय होतं ते त्या ९७ ईमेलनी दाखवलंच आहे.

एक अडचण मात्र तांत्रिक नाही. ‘बिल कुणी मंजूर केलं, किती मिनिटं लावली’ हेही त्याच लॉगमध्ये असतं, म्हणजे कामावरची नजर सहज माणसावर वळते. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकेल अशी यंत्रणा बसवायची, तर कामगार परिषद (कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती) असलेल्या कंपनीत त्या परिषदेची संमती कायद्याने घ्यावी लागते. म्हणून विश्लेषणाआधी नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक घालतात आणि वेळेचे आकडे एकेका माणसाचे न दाखवता गटाचे दाखवतात.