पब (ब्रिटन)

ब्रिटनमधील सार्वजनिक मद्यगृह. बिअर हे येथील मुख्य पेय असले, तरी गावाची किंवा गल्लीची एकत्र बसण्याची जागा हीच पबची खरी ओळख होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इंग्लंडमधील पबांचा ऱ्हास आणि अधूनमधून झालेले पुनरुज्जीवन यांचा विचार केला आहे.

पबचे मूळ रोमन काळातील रस्त्याकाठच्या खानावळींपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. तथापि रोमन सत्ता संपल्यानंतर ही परंपरा अखंड चालू राहिल्याचा पुरावा मिळत नाही. मध्ययुगात एल ही बिअर घरीच बनवून विकली जाई आणि बनवणाऱ्या बहुधा स्त्रिया असत. त्या घरांतून पुढे पब आकारास आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नॉटिंगहॅमच्या ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’च्या भिंतीवर 1189 हे साल रंगवलेले आहे, पण आजची इमारत बहुधा सतराव्या शतकाच्या मध्यापूर्वीची नसावी. सेंट ऑल्बन्सच्या ‘ये ओल्ड फायटिंग कॉक्स’ची अष्टकोनी वास्तू मुळात मठाचा कबुतरखाना होती, असे मानतात.

मद्यगृहांसाठी न्यायाधीशांचा परवाना 1552 च्या कायद्याने सक्तीचा झाला. जिनचे व्यसन कमी व्हावे आणि बिअरच्या धंद्यातील मक्तेदारी मोडावी, या हेतूने 1830 च्या कायद्याने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून घरात बिअर विकण्याची मुभा दिली. पहिल्या काही महिन्यांतच सुमारे 24,000 बिअरघरे उघडली. 1869 मध्ये हे परवाने पुन्हा न्यायाधीशांच्या हाती गेले. परवाना दुर्मीळ झाला, तशी परवाना असलेल्या इमारतीची किंमत चढली आणि 1880–90 च्या दशकांत भांडवल बाजारातून पैसा उभारून बिअर उत्पादकांनी पब झपाट्याने विकत घेतले. एकाच उत्पादकाची बिअर विकण्यास बांधलेल्या, म्हणजे ‘बांधील’ पबची पद्धत लंडनमध्ये त्याआधीही होती. ती देशव्यापी झाली ती या काळात.

बांधील पबमध्ये चालक हा कंपनीचा भाडेकरू असतो. भाडे तुलनेने कमी. पण बिअर कंपनीकडूनच, कंपनी सांगेल त्या दराने घ्यायची. बाहेरून स्वस्तात पिंप आणले तर करारभंग होतो. ते पकडता यावे म्हणून पुढे अनेक पबांच्या तळघरांत बिअरच्या नळ्यांवर प्रवाह मोजणारी यंत्रे बसवण्यात आली : पुरवलेल्या बिअरपेक्षा नळीतून गेलेली बिअर जास्त भरली की चालकाकडे खुलासा मागितला जाई.

मक्तेदारी आयोगाच्या 1989 च्या अहवालानंतर सरकारने काढलेल्या आदेशांनुसार 2,000 हून अधिक पब असलेल्या उत्पादकांना त्यावरील निम्म्या पबांची बांधिलकी सोडावी लागली. मूळ शिफारस याहून कडक होती. सुटलेले पब चालकांच्या हाती फारसे आलेच नाहीत. बिअर न बनवणाऱ्या, पण बांधिलकी तशीच ठेवणाऱ्या मालमत्ता कंपन्यांनी ते कर्ज काढून घेतले. ‘पंच’ आणि ‘एंटरप्राइझ’ या दोघींकडे एके काळी प्रत्येकी आठ हजारांहून अधिक पब होते. 2008 च्या आर्थिक संकटानंतर त्या कर्जाचा भार विक्रीवर आणि भाड्यांवर आला.

उद्योगसंघटनेच्या मोजणीनुसार 2000 मध्ये सुमारे 60,800 पब होते; 2023 पर्यंत ते 45,000 च्या आसपास आले. पब कशाला म्हणावे यावर आकडे बदलतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साठी 39,135 हा आकडा दिला आणि आदल्या वर्षापेक्षा 320 ची वाढ नोंदवली. दशकभरातील ती पहिलीच वाढ होती. ऱ्हासाचे खापर अनेकदा धूम्रपानबंदीवर (इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007) फोडले जाते. सुपरमार्केटमधील स्वस्त बिअर, 2008 ते 2013 मधील चढता बिअरकर, कारखान्यांबरोबर ओस पडलेल्या वस्त्या हीही कारणे दिली जातात. ती खरी आहेत. पण पब बंद पाडून सदनिका बांधणे मालकाला अधिक फायद्याचे ठरत असेल, तर चांगला चालणारा पबही टिकत नाही. मालकीचा प्रश्न म्हणूनच मुळाशी धरावा लागतो. बांधील चालकाला बाजारभावाने केवळ भाडे देण्याचा पर्याय इंग्लंड व वेल्समध्ये 2016 च्या संहितेने दिला, तोही 500 किंवा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांपुरता.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न बव्हंशी स्थानिक आहेत. 1971 मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहकसंघटनेने पारंपरिक एल वाचवली. कम्ब्रियातील हेस्केट न्यूमार्केटच्या गावकऱ्यांनी 2003 मध्ये ‘ओल्ड क्राउन’ सहकारी तत्त्वावर घेतला. 2011 च्या स्थानिकता कायद्यानुसार समाजोपयोगी म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीस निघाल्यास रहिवाशांना पैसा उभारण्यासाठी सहा महिने मिळतात. दक्षिण लंडनमधील ‘आयव्ही हाउस’ असाच 2013 मध्ये रहिवाशांच्या मालकीचा झाला. कायदा मुदत देतो. रहिवाशांनाच वास्तू विकावी असे बंधन मात्र मालकावर घालत नाही.

लंडनच्या मेडा व्हेल भागातील ‘कार्लटन टॅव्हर्न’ 2015 मध्ये वारसा-यादीत जाण्याच्या बेतात असताना मालकाने विनापरवाना पाडला. रहिवाशांना आधीच संशय आल्याने वास्तूची तपशीलवार नोंद झालेली होती. वेस्टमिन्स्टर परिषदेने तो होता तसाच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला आणि 2021 मध्ये तो उघडला. स्टॅफर्डशरमधील ‘क्रूकेड हाउस’ ऑगस्ट 2023 मध्ये आगीत सापडला व दोन दिवसांत पाडला गेला. तेथेही पुनर्बांधणीचा आदेश निघाला.

वेस्ट मिडलंड्समधील ‘देसी पब’ हा भारतीयांशी निगडित प्रकार. 1960 च्या दशकात स्मेदिकच्या काही पबांत गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव असे. भारतीय कामगार संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला. तिच्याच निमंत्रणावरून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स फेब्रुवारी 1965 मध्ये तेथे आला होता. त्याच वर्षी वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे बंद पडू लागलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. तापल्या तव्यावर, कांद्यासकट चरचरत येणारी टिक्का-सीखकबाबाची ‘मिक्स्ड ग्रिल’ आणि बिअर यांवर ते तगले. ज्या वस्तीने त्यांना दारातून परतवले, तिची बैठकीची जागा त्यांनीच राखली.

केंटमधील हर्न येथे 2005 मध्ये सुरू झालेला ‘बुचर्स आर्म्स’ हा एका खोलीचा पब ‘मायक्रोपब’चा आद्य नमुना मानला जातो.