कापसाचा भाव आणि खानदेशचा भूतकाळ

कापसाचा भाव पडला की खानदेशातील जुनी माणसे म्हणतात, हे पूर्वीही घडले आहे. या म्हणण्यात तथ्य किती, हे तपासायचे तर इंग्रजी अमलाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुढे रयतवारी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याने थेट सरकारला, शेतसारा रोख भरणे भाग पडले. हप्त्यासाठी पैसा हवा, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ लागला. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी सुरू झाली, तेव्हा सारा वाढेल या धास्तीने सावदा, फैजपूर, यावल परिसरातील शेतकरी मोठ्या संख्येने तिच्या विरोधात उभे राहिले. सरकारने फौज आणून हा विरोध मोडून काढला. कापसाच्या इतिहासात या उठावाचा उल्लेख क्वचितच येतो, पण तो यायला हवा, कारण रोख पैशाच्या याच निकडीने शेतकरी विकाऊ पिकाकडे ओढला गेला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि अमेरिकी कापूस अडल्याने इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज पडली. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचल्याने खानदेशचा माल मुंबईच्या गोद्यांत वेगाने जाऊ लागला, भाव चढले आणि चढत्या भावाच्या भरवशावर कर्जेही वाढली. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजारही कोसळला. कर्ज मात्र जिथल्या तिथे राहिले.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पुन्हा घसरले. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले ते याच फैजपूरला, आणि तेथे मंजूर झालेल्या कृषी कार्यक्रमात साऱ्यातील कपात व कर्जापासून दिलासा या मागण्या होत्या.

तरीही जे घडले ते जसेच्या तसे पुन्हा घडते, असे म्हणणे मला पटत नाही. १८६५ च्या शेतकऱ्यामागे कोणताही हमीभाव नव्हता. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घेण्याची योजना, आली, ती पुढे क्षीण होत गेली, तरी आज हमीभावाने खरेदी करणारी सीसीआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाची, केंद्रे आहेत. दुसरीकडे, २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या, वाणांना परवानगी मिळाल्यापासून घरचे बियाणे मागे पडले आणि दर हंगामाला बियाणे विकत घेण्याचा खर्च जोडला गेला. बदलली नाही ती जोखमीची वाटणी: भाव दूरच्या बाजारात ठरतो आणि घसरणीचा भार कापूस पिकवणाऱ्यावर येतो.

रोख पैशाची घाईही तीच आहे. सीसीआय आठ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेल्या कापसाच्या दरात कपात करते आणि बारा टक्क्यांच्या पुढचा माल घेत नाही. पहिल्या वेचणीचा ओला कापूस वाळवत थांबणे ज्याला मजुरीच्या आणि उधारीच्या तगाद्यामुळे शक्य नसते, तो खेडा खरेदीला, म्हणजे गावातच येऊन माल घ्यायला, आलेल्या व्यापाऱ्याला कमी भावात माल देऊन मोकळा होतो.