'आमची चूक नव्हती' हा बचाव १९८६ ला बाद झाला, मग पुढे काय झालं

बिझनेस एथिक्सच्या किंवा लॉच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. धोकादायक कारखान्यातून विषारी वायू सुटला, कंपनीने शक्य ती सगळी काळजी घेतली होती हेही मान्य, तर भरपाई द्यावी लागेल का? पोरं डोळे झाकून लिहितात, हो, १९८६, ॲब्सोल्यूट लायबिलिटी, कुठलाही अपवाद नाही, पुढचा प्रश्न. गाईडमध्ये ते इतकं सरळ छापलेलं असतं की वाटावं कोर्टाने सकाळी ठरवलं आणि दुपारपासून कंपन्या चेक फाडायला लागल्या. प्रत्यक्षात ज्या निकालात हे तत्त्व आहे त्या निकालाने कुणाच्याही हातावर एक रुपया टेकवला नाही, आणि नेमकं त्यावरूनच पुढे दहा वर्षं वाद चालला की हा कायदा समजायचा की न्यायाधीशांनी जाता जाता मारलेला शेरा. निष्काळजीपणा, नुकसान, कार्यकारणभाव हे टॉर्टचे, म्हणजे करार नसताना दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई द्यायच्या कायद्याचे, पाढे सगळ्यांना येतात असं धरतो आणि थेट या भानगडीकडे येतो.

लांबचा इतिहास उरकून टाकू. लँकेशायरमधल्या एका गिरणीवाल्याने तलाव बांधून घेतला, ठेकेदाराच्या माणसांना खाली जुन्या खाणीच्या बुजलेल्या वाटा लागल्या पण त्या त्यांनी नीट बंद केल्या नाहीत, तलाव भरला आणि पाणी खालून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत घुसलं. गिरणीवाल्याची स्वतःची चूक काहीच नव्हती, तरी १८६८ साली लंडनला शेवटच्या पायरीवर ठरलं की सुटली तर घात करेल अशी वस्तू आपल्या जागेत आणून साठवली तर ती सुटल्यावर जबाबदारी आपलीच. ही स्ट्रिक्ट लायबिलिटी. पण सोबत पळवाटाही आल्या: दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचा उपद्व्याप, नुकसान झालेल्याचीच चूक किंवा संमती, कायद्यानेच दिलेली परवानगी, आणि जमिनीचा वापर नेहमीचाच असेल तर नियम लागूच नाही.

आपल्याकडे हे आयतं आलं. मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनने सांगून ठेवलं होतं की कायदा सापडला नाही, रूढीही नाही, तर न्याय, समता आणि सद्सद्विवेकाने निकाल द्या, आणि साहेबाचा सद्सद्विवेक म्हणजे बहुतेक वेळा इंग्लंडचा कायदा. १८८६ मध्ये भारतासाठी टॉर्टचा एक अख्खा मसुदा लिहून झाला होता, तो बासनात गेला तो गेलाच, म्हणून कराराचा कायदा पुस्तकात आहे आणि टॉर्ट मात्र निकालांमध्ये विखुरलेला. मध्ये १८७४ ला दक्षिणेतल्या एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, इंग्लंडचा नियम लावला नाही, म्हणाले इथे शेती तलावांवरच चालते, निष्काळजीपणा दाखवा. म्हणजे जागा बघून नियम वाकवायची सवय जुनीच आहे, १९८६ ला फक्त तो उलट्या दिशेने वाकवला.

आता भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र सगळ्यांना माहीत आहे, आकडे परत उगाळत नाही. एथिक्सच्या बाजूने बघायची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे त्या रात्री काय काय बंद होतं. मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे तिथे साठवलेलं विषारी रसायन, थंड ठेवायचं, म्हणून टाकीला रेफ्रिजरेशन होतं, ते काही महिने आधीच बंद केलेलं. सुटलेला वायू जाळून टाकायला उंच फ्लेअर टॉवर, त्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर. पाण्याचे फवारे होते, ते वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोचतच नव्हते. कारखाना तोट्यात होता आणि काटकसर चालू होती. पाणी टाकीत कसं गेलं यावर कंपनीने, म्हणजे युनियन कार्बाइडने, पुढे घातपाताची थिअरी मांडली, आणि ती मांडण्यात कायदेशीर हुशारी काय होती ते वरच्या पळवाटांची यादी परत वाचली की कळतं: तिऱ्हाइताचा उपद्व्याप. जुना नियम तसाच राहिला असता तर चाळीसेक टन विष गावाशेजारी साठवणाऱ्याला 'आमच्यातल्याच कुणी रागावलेल्या कामगाराने केलं' एवढं म्हणून निदान वाद घालायला जागा होती.

सरकारने १९८५ ला कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने भांडायचा हक्क स्वतःकडे घेतला आणि दावा लावला थेट न्यूयॉर्कला, कारण मूळ कंपनी तिकडची आणि भारतीय कंपनीत तिचा हिस्सा ५०.९ टक्के. तिथे जे झालं ते विनोदी म्हणावं की लाजिरवाणं कळत नाही. भारत सरकार सांगतंय की आमच्या कोर्टांना एवढा मोठा टॉर्टचा खटला झेपणार नाही आणि अमेरिकन कंपनीचे वकील सांगतायत की छे, भारतीय न्यायव्यवस्था उत्तम आहे. १२ मे १९८६ ला तिथल्या न्यायाधीशांनी कंपनीचं ऐकलं आणि प्रकरण भारतात धाडलं.

त्याच काळात दिल्लीत सुप्रीम कोर्टात दुसरी केस चालू होती. शहराच्या भरवस्तीत खतं, कॉस्टिक क्लोरीन वगैरे बनवणारा एक मोठा कारखाना, तो हलवा म्हणून एका वकिलाने जनहित याचिका केलेली. ती प्रलंबित असतानाच ४ डिसेंबर १९८५ ला, म्हणजे भोपाळचं वर्षश्राद्ध होऊन दोनच दिवस झालेले, ज्या सांगाड्यावर ओलियमची (अतितीव्र सल्फ्युरिक ॲसिडची) टाकी उभी होती तो कोसळला, टाकी फुटली आणि धूर तीस हजारी कोर्टापर्यंत गेला. एक वकील गेले, बरेच लोक आजारी पडले. न्यायाधीश आणि वकील मंडळींना यावेळी वास स्वतःच्या नाकाने आला होता, याचा निकालावर परिणाम झाला नसेल असं मानायला मी तयार नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये कोर्टाने कारखाना अटींवर सुरू करू दिला, कारण बंद केला तर चार हजार कामगार रस्त्यावर येणार होते. अटींमध्ये एक जबरदस्त अट होती: वायू सुटून कुणी मेलं तर भरपाईची जबाबदारी चेअरमन आणि मॅनेजिंग डायरेक्टरने वैयक्तिक लिहून द्यायची. उद्योगजगतात बोंब झाली, आणि मार्चमध्ये कोर्टाने ती सौम्य केली, दैवी आपत्ती किंवा घातपात दाखवला तर वैयक्तिक जबाबदारी नाही. हे लक्षात ठेवा, कारण ज्या पळवाटा साहेबांसाठी मार्चमध्ये उघड्या ठेवल्या त्याच कंपनीसाठी डिसेंबरमध्ये बंद झाल्या.

२० डिसेंबर १९८६. पाच न्यायाधीश, आणि सरन्यायाधीशांचा निवृत्तीचा दिवस. निकालाचं सार असं की १८६८ चा नियम वेगळ्या काळातला आहे, आम्ही त्याला बांधील नाही, जो मूळातच धोकादायक धंदा करून नफा कमावतो त्याचं समाजाप्रति असलेलं कर्तव्य संपूर्ण आहे, ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही, अपघात झाला तर एकही जुना अपवाद चालणार नाही. कारण त्यामागे साधा धंदेवाईक हिशोब आहे: धोका कुठे आहे हे शोधायची साधनं कंपनीकडेच असतात, शेजारच्या झोपडपट्टीकडे नसतात, आणि नफा खायचा तर अपघाताचा खर्च धंद्याच्या खर्चात धरायचा. याच्यापुढे जाऊन कोर्ट म्हणालं की भरपाई कंपनीच्या ऐपतीच्या प्रमाणात असली पाहिजे, मोठी कंपनी तर मोठी भरपाई, नाहीतर जरब बसणार नाही. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त स्फोटक आहे. टॉर्टचा नेहमीचा हिशोब पीडिताच्या नुकसानीपासून सुरू होतो, मेलेला रोजंदारीवाला असेल तर रोजंदारीवरून. इथे हिशोब नुकसान करणाऱ्याच्या ताळेबंदापासून सुरू करा असं म्हटलंय, म्हणजे गरीब माणूस मारणं स्वस्त पडणार नाही.

आणि एवढं सगळं लिहून भरपाई? शून्य. खाजगी कंपनीविरुद्ध मूलभूत हक्क थेट मागता येतात का हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता, कोर्ट म्हणालं खोलात जायला वेळ मिळाला नाही, म्हणून तो मोकळा ठेवला, आणि पीडितांच्या वतीने दोन महिन्यांत खालच्या कोर्टात दावे लावा असं विधी सहाय्य मंडळाला सांगून मोकळं झालं.

इथे टीकाकारांनी कोलदांडा घातला. भरपाई देण्याचा अधिकार आहे की नाही हेच ठरवलं नाही, तर भरपाई कुठल्या नियमाने द्यायची हे ठरवायची गरज काय होती? निकालाला जे लागत नाही ते ओबिटर, आदराने वाचायचं पण बांधून घ्यायचं नाही. युक्तिवाद कच्चा अजिबात नाही. एक कुजबुजही होतीच की नजर दिल्लीच्या कारखान्यावर कमी आणि भोपाळवर जास्त होती, न्यूयॉर्कहून केस परत आलेली, अमेरिकन कंपनीने सगळं ऐकायच्या आत नियम तयार ठेवला. उलट बाजूचं म्हणणं, दावे लावा असं सांगितलं म्हणजे खालच्या कोर्टाला कुठल्या मापाने मोजायचं हे सांगणं ओघानेच आलं. मला दुसरी बाजू पटते, पण एवढी मोठी गोष्ट शेवटच्या दिवशी अर्धवट सोडायला नको होती हेही खरं.

परिणाम लगेच दिसला. भोपाळच्या जिल्हा कोर्टाने १७ डिसेंबर १९८७ ला ३५० कोटी अंतरिम भरपाई सांगितली, एप्रिल १९८८ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने ती २५० कोटींवर आणली पण पाया दिल्लीच्याच निकालाचा घेतला. म्हणजे ऐपतीचं तत्त्व एका खऱ्या बलाढ्य कंपनीवर लागायच्या बेतात होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, वाद फक्त अंतरिम रकमेचा होता, आणि १४ फेब्रुवारी १९८९ ला अचानक अख्ख्या खटल्याचीच तडजोड जाहीर झाली, ४७ कोटी डॉलर, तेव्हाचे ७०० कोटींच्या वर, फौजदारी खटलेसुद्धा रद्द. दाव्यात मागणी ३३० कोटी डॉलरची होती. पीडितांना कुणी विचारलं नाही. मे महिन्यात कोर्टाने कारणं दिली तेव्हा मृत्यू धरले होते सुमारे ३,०००, आणि पुढे भरपाई मिळालेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या पुढे गेली, त्यातल्या बहुतेकांच्या तोंडाला अक्षरशः पानं पुसली गेली. १९९१ ला फेरविचारात फौजदारी खटले परत जिवंत झाले, रक्कम तीच राहिली, आणि त्याच निकालात सरन्यायाधीशांनी १९८६ चं तत्त्व म्हणजे ओबिटर असं म्हणून ठेवलं.

मग वाद मिटला कुठे, तर राजस्थानात. उदयपूर जिल्ह्यातलं बिछडी गाव, तिथे एच ॲसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला, तो पावसाने जमिनीत मुरला आणि विहिरींचं पाणी काळपट झालं, माणसांना नको आणि शेतालाही नको. १३ फेब्रुवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं की १९८६ चा नियम ओबिटर नाही, आमच्यावर बंधनकारक आहे. प्रतिवादींनी तरी अर्जांवर अर्ज करून घोंगडं भिजत ठेवलं, २०११ ला कोर्टाने ३७ कोटींच्या वर रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरायला लावली. चक्रवाढ व्याज हा मला त्या निकालातला सगळ्यात नैतिक शब्द वाटतो.

संसदेचं वागणं मात्र दोन तोंडांचं राहिलं. १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्यात चूक सिद्ध न करता मृत्यूमागे २५,००० रुपये ठेवले, ऐपत वगैरे कुठल्या कुठे. जून २०१० मध्ये भोपाळच्या फौजदारी खटल्यात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षं शिक्षा आणि लगेच जामीन झाला, लोक भडकले, त्या वातावरणात ऑगस्टमध्ये अणुऊर्जा दायित्वाचा कायदा आला. त्यात सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादारावर उलट दावा करायची सोय आली, जैतापूरच्या चर्चेत परदेशी कंपन्यांना तीच खटकत होती, पण अणुप्रकल्प चालवणाऱ्याच्या दायित्वाला १,५०० कोटींची कमाल मर्यादाही आली. कमाल मर्यादा आणि ॲब्सोल्यूट, बसवा एका वाक्यात. उद्योगांची बाजूही ऐकायला हवी, अमर्याद जोखमीचा विमा कुणी काढत नाही, पण मग तो धोका भिंतीपलीकडच्याने विनाविमा का घ्यायचा याचं उत्तर ते देत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाला, लावले आणि एथिक्सचा तास तिकडे वळला, शाळेला बाक, गावाला टाकी, फोटो. फ्लेअर टॉवरचा पाइप कधी जोडणार हा प्रश्न त्या दोन टक्क्यांत बसत नाही. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ ला स्फोट झाला, २०२४ ला परत झाला, दोन्ही वेळा चर्चा कारखाने हलवण्याची, भरपाईचं माप काय यावर कुणी बोललं नाही.

७ मे २०२० ला विशाखापट्टणमला लॉकडाऊननंतर कारखाना सुरू करताना स्टायरीन सुटला, बाराजण गेले. हरित न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी ५० कोटी जमा करायला लावले, कौतुकच आहे, पण आदेशात शब्द वापरला स्ट्रिक्ट लायबिलिटी. म्हणजे १८६८ वाला. जाणकारांनी आरडाओरडा केल्यावर जूनच्या आदेशात स्ट्रिक्ट आणि ॲब्सोल्यूट दोन्ही शेजारी शेजारी आले.

भोपाळचं शेवटचं पान १४ मार्च २०२३ चं. सरकारने आणखी ७,८४४ कोटी मागितले होते, पाच न्यायाधीशांनी याचिका फेटाळली, तीन दशकांनी तडजोड उकरता येणार नाही म्हणाले. १९९१ मध्येच सांगितलं होतं की पैसे कमी पडले तर सरकारने भरायचे आणि विम्याच्या पॉलिसी काढायच्या, त्या सरकारने काढल्याच नाहीत, यावरही ताशेरे आले. रिझर्व्ह बँकेत अजून ५० कोटी पडून होते, ते उरलेल्या दाव्यांसाठी वापरा असा आदेश झाला.