फाईल टाकली, तरी काम सुरू का होत नाही?

स्टुडिओंनी पाठवलेले लग्नाचे व्हिडिओ आम्ही हव्या त्या फॉरमॅटमध्ये रूपांतरित करून देतो. तुळशीची लग्नं उरकली की आमचा फोन थांबत नाही. "दादा, सकाळी नऊला फाईल टाकलीय, अजून 'सबमिटेड'च दिसतंय!" बिघाड नसतो. 'सबमिटेड' म्हणजे जॉब (तुमच्या फाईलीच्या रूपांतराचं काम) रांगेत उभा आहे, 'प्रोग्रेसिंग' म्हणजे काम सुरू झालं.

अशा वेळी तीच फाईल पुन्हा टाकू नका, ही हात जोडून विनंती. ती नवा जॉब होऊन शेपटाला लागते आणि बिल दोन्हींचं येतं. एका स्टुडिओने साडेतीन तासांचं एकच लग्न तीनदा टाकलं होतं. अडकले मागचे सगळे.

रूपांतर आम्ही ॲमेझॉनच्या मीडियाकन्व्हर्ट या ऑनलाइन सेवेवर करतो. तिथे प्रत्येक जॉबला उणे ५० ते ५० असं प्राधान्य देता येतं, काही दिलं नाही तर ०. आकडा मोठा त्याचा नंबर आधी. आकडा सारखाच असेल तर आधी आलेला आधी. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज मानाप्रमाणे निघतात, तसंच. मात्र हा मान उभ्या असलेल्यांतच चालतो, सुरू झालेल्या जॉबला कुणी खाली उतरवत नाही. दोन मिनिटांची रील चार तासांच्या लग्नामागे कुजवण्यात अर्थ नाही, म्हणून रीलला आम्ही २० देतो, पूर्ण लग्नाला ०. "माझं ५० करा" असं सगळेच म्हणतात. सगळ्यांना ५० दिलं की पुन्हा जैसे थे!

जुन्या कॅसेटींची रांग वेगळी आहे. ती दिवसा मुद्दाम 'पॉज' असते. फाईली जमा होतात, पण काम रात्री उघडल्यावरच. पॉज करताना जे सुरू असेल ते मात्र पूर्ण होतं. म्हणून टायटलमध्ये नवरीचं नाव चुकलेलं दिसलं तर लगेच फोन करा, 'सबमिटेड' असेपर्यंत रद्द करणं सोपं.

फोर-केमध्ये १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, वेळ त्या मानाने लागतोच. घरच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून बघायचं असेल तर आमच्या मते १०८०पी (म्हणजे फुल एचडी), एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची नेहमीची पद्धत) भरपूर झालं.

'एरर' आली तर आधी तुमच्याकडची फाईल शेवटपर्यंत वाजवून बघा. बहुतेकदा कार्डावरून कॉपीच अर्धवट झालेली असते. आणि 'कम्प्लीट' दिसलं तरी तयार व्हिडिओ उतरवून, तपासून होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.