मागच्या खोलीतली आबाळ : कुत्र्यांच्या ब्रीडरना जाब विचारणाऱ्या कायद्याची पार्श्वभूमी

गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा एखाद्या बंद फ्लॅटच्या बाथरूममध्ये कोंडलेल्या दहा-पंधरा माद्या सापडतात. अंगावरचे केस गेलेले, नखं वाढून वळलेली, आचळं लोंबणारी. फोटो फिरतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : पिल्लं विकण्यासाठी त्यांना पाळणाऱ्या या ब्रीडरला अटक का होत नाही? उत्तर शोधायला लोक 23 मे 2017 च्या कुत्रा प्रजनन आणि विक्री नियमांकडे जातात. तिथे त्यांना निम्मंच उत्तर मिळतं. बाकीचं 1960 च्या कायद्यात आहे आणि त्याची मुळं त्याहून मागे जातात.

फार मागचं थोडक्यात सांगतो. कुत्र्यांवरून मुंबईत 1832 मध्ये दंगल झाली होती. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. पुढे 1890 मध्ये जनावरांच्या छळाविरुद्धचा देशव्यापी कायदा आला. तो बैल, टांग्याचे घोडे, ओझ्याची जनावरं डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. रस्त्यात, सार्वजनिक जागी किंवा तिथून दिसेल अशा ठिकाणी जनावराला मारणं, जास्त राबवणं हा गुन्हा. बंद दाराआडचं जनावर त्या कायद्याच्या नजरेत जवळपास नव्हतंच. जातिवंत कुत्री तेव्हा संस्थानिकांकडे आणि लष्करी छावण्यांत असायची. मुधोळच्या संस्थानिकांनी हाउंड जोपासले, तो शौकाचा आणि शिकारीचा मामला होता. पिल्लांचा धंदा म्हणावा असं काही उभं राहिलेलं नव्हतं.

1960 चा कायदा, ज्याला आपण प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा म्हणतो, घराच्या आत शिरला. त्याच्या कलम 11 मध्ये उपाशी ठेवणं, निवारा न देणं, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं, फार वेळ आखूड साखळीने बांधणं हे सगळं क्रूरतेत मोडतं. ब्रीडरच्या शेडमध्ये जे दिसतं त्यातलं जवळजवळ प्रत्येक कृत्य तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे आबाळीला कायद्यात जागा नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. अडचण पुढच्या कलमांत आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 1960 मध्ये 50 रुपयांना वजन होतं. आकडे मात्र आजही तेच आहेत.

त्याहून मोठी अडचण दखलपात्रतेची, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात का याची. कलम 31 प्रमाणे या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत. जनावराचा अवयव तोडणं किंवा क्रूरपणे ठार मारणं, झुंजी लावणं, नेमबाजीसाठी जनावर सोडणं, दुधासाठी फुंका करणं, म्हणजे दूध काढायला गाय-म्हशीच्या योनीत हवा फुंकणं. उपाशी ठेवणं त्यात नाही, कोंडून ठेवणंही नाही. म्हणून ठाण्यात गेलं की ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतो आणि मॅजिस्ट्रेटकडे जा म्हणतो. त्यात त्याचा आळस असेलच असं नाही, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्याला तपासच करता येत नाही. पुन्हा कलम 36 सांगतं की गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला पाहिजे. मारहाणीला तारीख असते. आबाळ वर्षभर हळूहळू चालते, तिची तारीख कोणती धरायची? तक्रारदार पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला गोळा करेपर्यंत तीन महिने निघून जातात.

मधली तीसेक वर्षं या बाबतीत शांत होती. धंदा वाढला तो शहरी मध्यमवर्गाच्या हातात पैसा आल्यावर. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि चपट्या नाकाचं, धाप लागणारं ते कुत्रं घरोघरी मागितलं जाऊ लागलं. मग लॅब्राडोर, शिह त्झू, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यातसुद्धा हस्की. एप्रिल 2016 मध्ये केंद्राने धंद्यासाठी कुत्री आयात करण्यावर बंदी घातली. तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण मागणी तशीच राहिली आणि ती पुरवायचं ओझं इथल्या माद्यांवर आलं.

ते ओझं काय असतं? कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि दोन महिन्यांच्या थोडं पुढे जाऊन विते. प्रत्येक माजाला नर दाखवला तर वर्षात दोन वेतं पदरात पडतात. पिल्लू महिन्या-सव्वा महिन्यात विकलं तर खाद्याचा आणि लसींचा खर्च वाचतो, शिवाय तेवढं लहान पिल्लू गोड दिसतं आणि लवकर उचललं जातं. आईपासून अर्धवट तुटलेलं ते पिल्लू नव्या घरी पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं की ब्रीडर म्हणतो, तुम्हीच नीट सांभाळलं नाही. इथला सगळा नफा काळजी कमी करण्यातून येतो. म्हणूनच चांगला ब्रीडर आणि वाईट ब्रीडर हा फरक निव्वळ स्वभावाचा मानू नये, असं माझं मत आहे.

कायद्याच्या बाजूने हालचाल सुरू झाली ती 2014 च्या मे महिन्यात. जल्लीकट्टूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांची भूक, वेदना, भीती यांपासूनची मुक्तता 1960 च्या कायद्याच्या कलम 3 आणि 11 शी जोडली आणि तुटपुंज्या शिक्षा वाढवायला हव्यात असंही सांगितलं. ऑगस्ट 2015 मध्ये केंद्राला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या आयोगाने 261 व्या अहवालात पेट शॉप, कुत्र्यांचं ब्रीडिंग आणि शोभेच्या माशांचा व्यापार यांवर नियम करण्याची शिफारस केली. मग आला 23 मे 2017. त्याच दिवशी गुरांच्या बाजारांचे नियम निघाले. कत्तलीसाठीच्या गुरांच्या विक्रीवरून देशभर रान पेटलं आणि त्या गदारोळात कुत्र्यांच्या नियमांची चर्चाच झाली नाही.

नियम मात्र चांगले होते. मादी 18 महिन्यांची होण्याआधी आणि 8 वर्षांची झाल्यावर तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत. सलग दोन माजांना वेत नको, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नको. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिप, लसीकरण, नोंदवह्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी. फी 5,000 रुपये, मुदत दोन वर्षं, प्रत्येक जागेची नोंदणी वेगळी.

या नोंदणीपाशी थांबायला हवं, कारण पुढची सगळी फसगत एका शब्दामुळे झाली आहे. तो शब्द म्हणजे ‘रजिस्टर्ड’.

पिल्लू घ्यायला गेलेला माणूस विचारतो, तुम्ही रजिस्टर्ड आहात ना? ब्रीडर हो म्हणतो आणि एक कागद पुढे करतो. ते बहुतेक वेळा केनेल क्लबचं वंशावळीचं प्रमाणपत्र असतं. त्यावर पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे, जात, रंग आणि ब्रीडरचं केनेल नेम असतं. बाजारात यालाच ‘पेपर’ म्हणतात. पेपरवाल्या पिल्लाचा भाव वेगळा, बिनपेपरच्याचा वेगळा. केनेल क्लब ही खासगी संस्था आहे, जातीची शुद्धता नोंदवणं हे तिचं काम. पिल्लाची आई कोण ते पेपर सांगतो. ती आई कुठल्या पिंजऱ्यात आहे, तिने मागच्या वर्षी किती वेतं दिली, तिला ऊन दिसतं का, याची चौकशी त्या पेपरमागे झालेली असेलच याची हमी नाही.

कुणी दुसराच कागद दाखवतो, शॉप अ‍ॅक्टचा. तो दुकान किंवा व्यवसाय चालवण्याबद्दल असतो, वडापावच्या दुकानाचाही असतो. कुणी महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना दाखवतो, तो अमुक घरात अमुक कुत्रं आहे आणि त्याला रेबीजची लस दिली आहे इतकंच सांगतो. या सगळ्या कागदांना बोलताना लायसन्सच म्हणतात. 2017 च्या नियमांना हवी असलेली नोंदणी यातली एकही नाही. ती राज्याच्या मंडळाची आहे आणि त्यासाठी जागेची तपासणी अभिप्रेत आहे.

हा घोळ अज्ञानातून सुरू झाला असेल, पण पुढे तो सोयीचा झाला. अनेक राज्यांत 2017 नंतर कितीतरी काळ मंडळंच स्थापन झालेली नव्हती किंवा कागदावरच होती. ज्या ब्रीडरला खरोखर नोंदणी करायची होती त्याने जायचं कुठे? अशा प्रामाणिक ब्रीडरची अडचण मला मान्य आहे. तरीही त्या रिकाम्या जागेत इतर कागद नोंदणी म्हणून रुळले आणि मंडळं उभी राहिल्यावरही ते हटले नाहीत. तक्रार करणारा ‘हा रजिस्टर्ड नाही’ म्हणतो, ब्रीडर पेपर काढून दाखवतो, आणि पोलिसांना दोघांतला फरक समजावण्यात पहिला दिवस जातो. त्या दिवसात माद्या दुसरीकडे हलवल्या जातात.

या नियमांबाबतचा वादग्रस्त निर्णय म्हणजे ते स्वतंत्र कायद्याऐवजी 1960 च्या कायद्याच्या कलम 38 खाली करणं. संसदेत न जाता लवकर नियम आले, हा फायदा झाला. पण त्याच कलमात नियमभंगाची शिक्षा ठरलेली आहे : 100 रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे कायद्याने वागायला 5,000 रुपये आणि मोडायला 100. नियम करणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं मानणं कठीण आहे. कायद्याच्या चौकटीत त्यांचे हात बांधलेले होते, पण चौकट बदलायचं कामही पुढे सरकलं नाही.

2018 च्या सप्टेंबरमध्ये पेट शॉपसाठी वेगळे नियम आले. 2020 च्या लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्यांनी पिल्लं घेतली आणि ऑफिसं उघडल्यावर त्यातली कित्येक रस्त्यावर आली. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने 1960 च्या कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात अतिक्रूर कृत्यांसाठी किमान 50,000 रुपये दंड, किंवा एक ते तीन वर्षं कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा सुचवली होती. मसुदा अजून कायदा झालेला नाही. मार्च 2024 मध्ये 23 जातींची विक्री आणि ब्रीडिंग थांबवण्याचं केंद्राचं पत्रक निघालं, एप्रिलमध्ये कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या चर्चेत कुत्र्यांची जात धोकादायक का यावर सगळे बोलले, त्यांना कसं वाढवलं जातं यावर फार थोडे.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागू झालं. जुन्या दंडसंहितेत जनावराची किंमत 10 रुपये की 50 रुपये यावर कलम ठरायचं, ती अट गेली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत झाली. पण हे कलम ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यांपुरतं आहे, आणि त्याचा पाया दुसऱ्याचं नुकसान हा आहे. स्वतःच्याच मालकीच्या, जिवंत पण खंगलेल्या मादीबद्दल ते लावताना वाद उभा राहतो. तिच्यासाठी अजून 1960 चंच कलम.

राहतो प्रश्न सापडलेल्या माद्यांचा. केस झाली की त्या मुद्देमाल ठरतात. 23 मे 2017 च्याच आणखी एका नियमावलीने त्यांना खटला संपेपर्यंत पांजरपोळात किंवा प्राणी संस्थेकडे ठेवण्याची आणि खर्च मालकाकडून घेण्याची सोय केली. पण कलम 29 प्रमाणे मालकी काढून घ्यायची तर आधी दोष सिद्ध व्हावा लागतो. तोवर त्या ब्रीडरच्याच. खटला किती वर्षं चालेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि सहा वर्षांच्या मादीकडे तितकी वर्षं नसतात.

म्हणून कार्यकर्ते बहुधा दुसरी वाट धरतात. ब्रीडर म्हणतो, तक्रार करू नका, या चार घेऊन जा. सरेंडरचा, म्हणजे मालकी सोडल्याचा, कागद होतो, सही होते. माझ्या घरी आलेली लॅब्राडोर अशाच कागदावर आली. पहिले तीन दिवस ती गवतावर पाय ठेवत नव्हती. तिच्या कागदावर तिचं नाव नव्हतं, नुसतं ‘मादी, पिवळी, 1’ असं लिहिलेलं होतं, आणि खाली तक्रार मागे घेतल्याची ओळ. त्या ओळीखाली सही मीच केली आहे. त्या शेडमध्ये तेव्हा आणखी किती होत्या हे मला माहीत होतं.