मालदीवची सहल: व्हिसामुक्त प्रवेशाच्या अटी, कागदपत्रे आणि ‘इमुगा’ घोषणापत्र

मालदीवसाठी भारतीय पासपोर्टधारकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही आणि नेमक्या याच कारणामुळे, लाखांचा रिसॉर्ट ठरवून झाल्यावरही, कागदपत्रांची आठवण अनेकांना निघण्याच्या आदल्या रात्री होते. व्हिसा नसला तरी प्रवेशाच्या अटी आहेत आणि त्या माले येथील वेलाना विमानतळावर तपासल्या जातात.

दोन्ही देशांतील करारानुसार २०१९पासून भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत राहता येते. कुटुंबातील कोणाकडे अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल, तर त्या व्यक्तीला उतरल्यावर ३० दिवसांचा विनाशुल्क पर्यटक व्हिसा मिळतो. यंत्राने वाचता येणारा वैध पासपोर्ट, परतीचे पक्के तिकीट, सर्व रात्रींच्या मुक्कामाचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा या अटी दोघांनाही सारख्याच लागू आहेत. पासपोर्टची मुदत किमान एक महिना शिल्लक असावी असा नियम असला, तरी सहा महिने असलेली बरी.

खरा ‘अर्ज’ म्हणजे ‘इमुगा’ हे प्रवासी घोषणापत्र. ते मालदीव इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्रवासापूर्वीच्या ९६ तासांच्या आत भरायचे असते. त्याआधी घाई करून उपयोग नाही. पासपोर्टचा तपशील, छायाचित्र, विमानाचा क्रमांक आणि मुक्कामाचे ठिकाण भरल्यावर क्यूआर कोड मिळतो, तो मोबाइलमध्ये जपून ठेवावा. लहान मुलांचेही घोषणापत्र लागते. यासाठी एक पैसाही लागत नाही, त्यामुळे शोधयंत्रात वर दिसणाऱ्या आणि ‘शुल्क’ मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये.

तिकीट काढण्यापूर्वी बेटावर कसे पोहोचायचे ते रिसॉर्टला विचारावे, कारण सीप्लेन केवळ दिवसाउजेडी उडते आणि संध्याकाळी मालेला उतरणाऱ्यांना ती रात्र तिथेच काढावी लागते. मालेजवळच्या बेटांवर स्पीडबोटीने जाता येते.

खर्चाचा हिशेब करताना दरापुढची दोन अधिकचिन्हे नजरेआड करू नयेत. सेवाशुल्क आणि कर वेगळे, असा त्यांचा अर्थ. जुलै २०२५पासून पर्यटन वस्तू व सेवा कर १७ टक्के झाला आहे. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी, प्रत्येक रात्री १२ डॉलर हरित कर पडतो, म्हणजे दोघांच्या चार रात्रींचे ९६ डॉलर केवळ त्याचेच.

सामान भरताना दारू, डुकराचे मांस आणि ई-सिगारेट वगळावी. ड्युटी फ्रीमधील सीलबंद बाटलीलाही सवलत नाही. आपल्याकडे प्रवासात पर्समध्ये छोटा गणपती ठेवण्याची अनेकांची सवय असते. मालदीव कस्टम्सच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत पूजेच्या मूर्तीही असल्याने बाप्पांना देव्हाऱ्यातच राहू द्यावे.

परतताना ‘इमुगा’ पुन्हा भरावे लागते, त्यालाही ९६ तासांचीच मर्यादा आहे. निर्गमन कर आणि विमानतळ शुल्क, इकॉनॉमी वर्गासाठी मिळून माणशी १०० डॉलर, सहसा तिकिटातच धरलेले असते, त्यामुळे विमानतळावर वेगळे पैसे काढावे लागत नाहीत.